धुराची गाडी नको, साचलेल्या पाण्याचा पत्ता द्या
पाऊस सुरू झाला की प्रभाग कार्यालयात ठरलेला अर्ज येतो : आमच्या गल्लीत धूरफवारणी करा. नगरसेवकांनाही ती आवडते. गाडी येते, धूर दिसतो, काम झाल्याचे समाधान मिळते. डेंग्यूच्या बाबतीत मात्र ही मागणीच अपुरी आहे.

धुराने मरतात ते त्या वेळी उडणारे डास. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो आणि बराच वेळ घरातच, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांआड बसतो. रस्त्यावरचा धूर तिथे फारसा पोहोचत नाही. (गाडी आली की आपण खिडक्याही लावून घेतो!) अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. रुग्ण आढळलेल्या घराभोवती तातडीची फवारणी ठीक. पण एरवी पुढच्या आठवड्यात नवे डास हजर.

म्हणून अर्जात ठिकाण हवे. बांधकामावरची उघडी टाकी, लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी, गच्चीवरची ताडपत्री, पंक्चरवाल्याचे टायर. सोबत फोटो, तारीख आणि आठ दिवसांनी फेरतपासणीची मागणी. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यानुसार डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागामालकाला नोटीस देता येते. ‘डास फार झालेत’ एवढ्यावर ती कुणाच्या नावे काढणार?

तपासणीला आलेला कर्मचारी कदाचित आधी अर्जदाराच्याच फ्रिजमागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली रिकामी करायला सांगेल. सांगू द्यावे.