वेगाचें कोष्टक

अंतर व वेळ यांचें कोष्टक देऊन वेग काढावयास सांगणारें उदाहरण आमच्या वर्गांत दरवर्षीं सोडविलें जातें. अंतरास वेळेनें भागलें, उत्तर जुळलें, कीं विद्यार्थी समाधान पावतो. आमच्या मतें खरा अभ्यास तेथूनच सुरू झाला पाहिजे.

पुणें ते लोणावळें हें लोहमार्गाचें अंतर सुमारें ६४ किलोमीटर आहे. लोकल गाडीस सुमारें १ तास २० मिनिटें लागतात. म्हणजे वेग ताशी ४८ किलोमीटर. परंतु पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशा स्थानकांवर ती थांबते, व मध्यंतरीं याहून पुष्कळ जलद धांवते. भागाकारानें हातीं येतो, तो केवळ सरासरी वेग होय.

आतां घरचें उदाहरण घेऊं. समजा, कोणाचे वडील सकाळच्या पाळीसाठीं चिंचवडहून मोटारसायकलीनें चाकणास निघाले. अंतर २० किलोमीटर, हातीं एक तास. पहिल्या पाव तासांत ८ किलोमीटर अंतर तुटलें, दुसऱ्यांत २. तिसऱ्यांत मोशीजवळ वाहनांची कोंडी होऊन कांहींच नाहीं. चौथ्यांत उरलेले १०. सरासरी वेग ताशी २०. तथापि एकाही पाव तासाचा वेग २० नव्हता!

कोंडी सुटतांच गेलेला वेळ भरून काढण्याचा मोह होतो. येथें गणित कामास यावें. उरलेल्या १० किलोमीटरांस ताशी ४० च्या वेगानें १५ मिनिटें लागतात, ६० च्या वेगानें १०. लाभ अवघ्या ५ मिनिटांचा! उलट, ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. वेग दीडपट झाला, कीं तें सव्वादोनपट होतें.

कोणी म्हणतील, "पाळी चुकली तर पगार कापला जातो, तेथें हा हिशेब कोण पाहतो?" त्यांची अडचण खरी आहे. परंतु तिचा उपाय घरून निघण्याच्या वेळेंत आहे, रस्त्यावरील धांवपळींत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, हें कोष्टक वहींतच मिटून ठेवूं नका. आज रात्रीं वडिलांसमोर मांडा. आणि पालकांस आमची विनंती कीं, मुलाचें हें गणित त्यांनीं मनावर घ्यावें. ५ मिनिटें उशिरां पोहोंचलेला मनुष्य सायंकाळीं घरीं परत येतो; मुलांस तेवढेंच हवें असतें.