जमाखर्चाचा तिसरा रकाना

दुसऱ्यास काटकसर शिकविणें हा मास्तरांचा जुनाच रोग. गेल्या महिन्यांत तो माझ्याच अंगाशीं आला, म्हणून ही हकीकत सांगतों.

माझ्या चिरंजीवानें हप्त्यांवर मोटार घेतली. हेतु हा कीं, रविवारीं मुलांना घेऊन बाहेर पडावें. पण हप्ते फेडण्यासाठीं त्यानें एका दुकानाचे हिशेब लिहिण्याचें काम पत्करलें, आणि तें नेमकें रविवारचें! मोटार दारांत, धनी दुकानांत. मी कागदावर गणित मांडलें. पगार दरमहा ४८,००० रुपये, कामाचे तास २००; म्हणजे तासाला २४० रुपये. हप्ता १२,००० रुपयांचा. म्हणजे महिन्याचे ५० तास एकट्या मोटारीचे.

“अरे, मोटार तूं चालवितोस कीं ती तुला चालविते?” मीं विचारलें.

तो शांतपणें म्हणाला, “बाबा, माझ्या लहानपणीं तुम्ही तरी रविवारीं घरीं कुठें होतां?”

मी निरुत्तर झालों. घरावर माडी चढविण्यासाठीं मीं अकरा वर्षें रविवारीं शिकवण्या केल्या. माडी झाली, पण जिच्यासाठीं एवढें केलें, त्या माडीवर अभ्यासाला बसावयाचा मुलगा तोंवर शिक्षणासाठीं परगांवीं गेला होता.

हा रविवार कांहीं फुकट मिळालेला नाहीं. मुंबईच्या गिरणीकामगारांसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून सभा व अर्ज चालविले, तेव्हां १८९० सालीं गिरणीमालकांनीं ही साप्ताहिक सुट्टी मान्य केली. दुसऱ्यांनीं झगडून मिळविलेला दिवस आपण आपल्या हातानें हप्त्यांत घालतों.

आपल्या पाठशाळांतही अष्टमी, चतुर्दशी, प्रतिपदा, पौर्णिमा व अमावास्या हे अनध्यायाचे दिवस असत. मात्र अनध्याय म्हणजे आळस नव्हे. त्या दिवशीं वेदपाठ बंद असला तरी वेदांगांना आडकाठी नाहीं, असें मनुस्मृति सांगते. रोजचें काम थांबावें, मन मात्र झोंपूं नये, एवढा बोध मी त्यांतून घेतों. दिवसभर मोबाईल हातांत धरून लोळणें हा कांहीं अनध्याय नव्हे.

ज्यांची मिळकत अन्न-औषधांतच संपते, त्यांना हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. ज्यांना निवड आहे, त्यांच्यापुरतेंच हें लिहिणें.

आमच्या घरच्या वहींत जमा व खर्च असे दोनच रकाने होते. आमच्या बोलण्यानंतर सूनबाईंनीं तिसरा आंखला : ‘तास’. मोठी खरेदी करण्यापूर्वीं तिच्यापुढें रुपयांबरोबर तासही मांडावयाचे. पहिल्याच महिन्यांत नव्या दूरदर्शनसंचापुढें १५० तास पडले, आणि तो बेत आपोआप मागें पडला. दुकानदाराशीं बोलून चिरंजीवानें महिन्याचे दोन रविवार मोकळे करून घेतले.

त्यांपैकीं पहिल्या रविवारीं मोटार दारांतच राहिली. नातीनें बापाचा एक हात धरला, माझा दुसरा, आणि आम्हां दोघांना पायींच टेकडीवर नेलें. त्या दिवशीं वहींत खर्चाचा रकाना कोरा आहे. तिसऱ्यांत मात्र ‘चार तास’ असें सूनबाईंनीं लिहून ठेविलें आहे, आणि तेंही जमेच्या बाजूस.