ताप लपवणाऱ्या पोराची बाजू

2012 साली, दहावीत असताना, मी अंगात ताप घेऊन 800 मीटर धावलो. पोटावर दोन पुटकुळ्या उठल्या होत्या. आजीने पाहिल्या असत्या तर कडुलिंबाचा पाला अंथरून मला कोपऱ्यात निजवलं असतं, म्हणून मी दोन दिवस बनियनच काढलं नाही. परभणीच्या स्टेडियमवर जिल्ह्यात दुसरा आलो होतो आणि विभागीय स्पर्धेची गाडी पहाटे सुटणार होती. क्रोसिन घेतली, खिडकीजवळ बसलो, कुणाशी फार बोललो नाही. शर्यतीत पाचवा आलो.

दोन आठवड्यांनी त्याच गाडीतल्या तिघांना कांजण्या आल्या. त्यातला एक लांब उडीवाला होता. विभागात पहिला आलेला, राज्य स्पर्धेला निघालेला. त्या दिवशी तो घरी पाल्यावर पडून होता.

म्हणजे गुन्हेगार मी आहे, हे आधीच कबूल. पण मला त्या वेळी कुणी विचारलं असतं की बाबा, का लपवलंस, तर उत्तर अगदी सोपं होतं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं आणि विषय संपला असता. माझी जागा कुणी राखून ठेवणार नव्हतं. खरं बोलण्याची पूर्ण किंमत मी भरायची आणि लपवण्याची किंमत दुसऱ्याने, तीही दोन आठवड्यांनी. असा हिशेब पंधरा वर्षांच्या पोरापुढे ठेवल्यावर ते काय निवडेल असं वाटतं तुम्हाला?

2017 च्या ऑगस्टमध्ये मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. जिओचा डेटा नवा नवा होता, रात्री मोबाइलवर लंडनची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा बघायचो. बोत्सवानाचा आयझॅक मकवाला तिथे 200 आणि 400 मीटर धावणार होता. त्याच्या आधीच्या महिन्यात माद्रिदला त्याने एकाच दिवशी 200 मीटर 19.77 सेकंदात आणि 400 मीटर 43.92 सेकंदात मारले होते. एकाच दिवशी 20 आणि 44 च्या आत धावणारा तो जगातला पहिला माणूस. लंडनमध्ये खेळाडूंच्या एका हॉटेलात नोरोव्हायरसची साथ आली, उलट्या-जुलाब. सोमवारी 200 च्या प्राथमिक फेरीआधी मकवालालाही उलटी झाली. ब्रिटिश आरोग्य यंत्रणेचा नियम 48 तास वेगळं ठेवण्याचा. त्याची 200 ची फेरी गेली. मंगळवारी 400 ची अंतिम शर्यत होती. आपण ठणठणीत आहोत, आपली चाचणीसुद्धा झालेली नाही, असं म्हणत तो स्टेडियमच्या दारापर्यंत आला आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. आत वेड व्हॅन निकर्क 43.98 सेकंदात जिंकला. मकवालाचे 48 तास दुसऱ्या दिवशी दुपारी संपणार होते.

या प्रकरणावर तेव्हा दोन गट पडले होते आणि दोन्ही गट मला आजही भेटतात. एक म्हणतो, नियम म्हणजे नियम, एकासाठी बाकीच्यांना आजारी पाडायचं का? दुसरा म्हणतो, चार वर्षं घाम गाळलाय, धावू द्या की गड्याला. माझं भांडण दोघांशीही आहे. नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो, त्यामुळे वेगळं ठेवणं बरोबरच होतं. लांब उडीवाल्याची आठवण असलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. पण वेगळं ठेवायचं कुणासाठी? इतर खेळाडूंसाठी, प्रेक्षकांसाठी, स्पर्धा सुरळीत पार पडावी म्हणून. फायदा सगळ्यांचा आणि बिल मात्र एकाच्या नावावर, याला मी शिस्त म्हणणार नाही.

दुसरा रस्ता असतो हे त्याच स्पर्धेने दाखवलं. बुधवारी 48 तास संपले, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला आणि महासंघाने मकवालाला 200 मीटर एकट्याने धावण्याची परवानगी दिली. भर पावसात, सातव्या लेनमध्ये, बाकी सगळा ट्रॅक रिकामा. पुढे जायला 20.53 सेकंदांच्या आत यायचं होतं. तो 20.20 मध्ये आला आणि तिथल्या तिथे जोर मारले. जेमतेम दोन तासांनी उपांत्य फेरीत 20.14 मध्ये दुसरा येऊन अंतिम फेरीत पोहोचला. गुरुवारी सहावा आला. तोवर पायात काही उरलं नसणार.

एकट्याने धावणं आणि सात जणांबरोबर धावणं सारखं नसतं, हा आक्षेप रास्त आहे. पण घड्याळ तेच, अंतर तेच. शंभर टक्के न्याय होत नाही म्हणून शून्य टक्के करायचा, हे तर्कशास्त्र मला ऑफिसातही पटत नाही. 400 ची अंतिम शर्यत मात्र कुणी एका दिवसाने पुढे ढकलली नाही. तिथे टीव्हीचं वेळापत्रक होतं, तिकिटं विकलेली होती.

आणि आता पॅरिस. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये नोआ लाइल्स कोविड पॉझिटिव्ह असताना 200 मीटरची अंतिम फेरी धावला, 19.70 सेकंदात कांस्यपदक घेतलं आणि व्हीलचेअरवरून बाहेर गेला. आपण आजारी आहोत हे त्याने प्रतिस्पर्ध्यांना कळू दिलं नव्हतं. नियम त्याला अडवत नव्हता, लोकांनी त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं. त्या शर्यतीत सोनं जिंकणारा लेत्सिले तेबोगो बोत्सवानाचाच, मकवालाच्या देशाचा. सात वर्षांत कोविड येऊन गेला, लस आली, भीती ओसरली, हे मान्य. पण पोट बिघडलेल्याला दारातून परत आणि कोविडवाल्याला थेट ट्रॅकवर, हे पाहून दहावीतल्या पोराने काय शिकावं? हेच, की गप्प बसणारा फायद्यात राहतो.

मधल्या काळात टोकियोने निदान कागदावर बरं काम केलं होतं. तिथे नियम असा की कोविडमुळे बाहेर पडलेल्याला बाद ठरवायचं नाही, त्याने तोवर जे कमावलं ते राखायचं. अंतिम लढतीपर्यंत पोहोचलेल्या कुस्तीगिराला बाहेर पडावं लागलं तरी रौप्य त्याचंच. पण त्याच टोकियोने भारतासारख्या देशांच्या खेळाडूंना निघण्याआधी सात दिवस रोज चाचणी आणि पोहोचल्यावर तीन दिवस कुणाशी संपर्क नाही, अशी वेगळी अट घातली. भारतीय ऑलिंपिक संघटनेने तिला अन्यायकारक म्हटलं. त्याआधी मे महिन्यात पोलंडला जागतिक रिले स्पर्धा होती, तिथूनही ऑलिंपिकचं तिकीट मिळणार होतं. नेदरलँड्सने भारतातली विमानं थांबवली आणि हिमा दास, द्युती चंद यांच्या पिढीचा महिला रिले संघ इथेच राहिला. मुली आजारी नव्हत्या, देश आजारी होता. टोकियोत 4x100 ला आपल्या मुली दिसल्या नाहीत.

1897 च्या प्लेगमध्ये रँडच्या सोजिरांनी पुण्यात घरोघर झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी घरातले रोगी लपवले. लोक अडाणी होते म्हणून नव्हे. नेलेला माणूस परत दिसेल याची खात्री नव्हती म्हणून.

मी सध्या पुण्यात नोकरी करतो. ताप आला की लॅपटॉप मिटतो, सिक लीव्ह टाकतो, पगार पूर्ण येतो. माझा प्रामाणिकपणा कंपनीने विकत घेतलाय, असं म्हणा हवं तर. गावी गेलो की पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानात मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मैदानी चाचणीचे गुण एकूण पन्नास, आणि अर्ध्या गुणावर माणूस यादीबाहेर जातो. त्यांना सांगून बघा की ताप असेल तर येऊ नका. हसतील.

दुसरी तारीख दिली तर खोटी मेडिकल सर्टिफिकेटं येतील, असं एक निवृत्त क्रीडाशिक्षक मला म्हणाले. येतीलच. पण सर, आत्ता तरी खरं कोण बोलतंय? आत्ता आजारी पोरगं निरोगी असल्याचं खोटं बोलतं, आणि ते खोटं गाडीतल्या सगळ्यांच्या अंगावर उठतं. शालेय स्पर्धेत तर काहीच अवघड नाही. आठवड्याने एक शिक्षक, एक स्टॉपवॉच, ट्रॅकच्या दोन फेऱ्या. वेळ बसली तर पोरगं पुढे, नाही तर घरी. वाळूचा खड्डाही तिथेच असतो, टेप लावायला दोन माणसं पुरतात.

लांब उडीवाला आता गंगाखेडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिवाळीत भेट होते, चहा होतो. कांजण्या कुठून आल्या हे त्याने मला कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. हे छापून आलं की पहिल्यांदा त्यालाच पाठवणार आहे.