हजेरीपट आणि ताळेबंद

आम्ही पेशाने कारकून. हजेरीपट भरला म्हणजे काम झाले, असे होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. समाजकार्यातही तेच आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. हा ज्ञानकोश तुमच्या-आमच्यासारखी माणसे बिनपगारी लिहितात. ते शिकवायला ठिकठिकाणी कार्यशाळा होतात. मराठी भाषा गौरव दिन आला की जास्तच. फोटो निघतात, चहा होतो, 'पन्नास जणांना प्रशिक्षण दिले' असा अहवाल जातो. हा झाला हजेरीपट. ताळेबंद कुठे आहे?

तो मांडता येतो. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद त्यात राहते. म्हणून दोन महिन्यांनी तीन प्रश्न विचारावेत. पन्नासांपैकी किती जण अजून लिहितात? लिहिलेले टिकले की पुसले गेले? लिहिलेल्याला छापील आधार दिला का?

एक अडचणही सांगतो. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडतात. सातवा मुलगा नुसता बसून राहतो, तरी हजेरीत मोजला जातो. तेव्हा मुलांनी घरूनच खाते उघडून यावे, नाहीतर आयोजकांनी आधी सवलत मागावी.

बंधू-भगिनींनो, ठराव आणि काम यातला फरक महाडला कोणी शिकवायला नको. सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावर! ओंजळीत पाणी आले ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा. पुढे कोर्टकज्जा चालला तो १७ मार्च १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत.

हा सारा क्रम आपल्या किती मुलांना सांगता येतो? ती परिषद भरवण्यासाठी झटलेले आपल्याच तालुक्यातले आर. बी. मोरे किती जणांना ठाऊक आहेत? आपण लिहिले नाही, तर दुसरे कोणी लिहील, आणि त्याला हवे तसे लिहील.

महाड-पोलादपूरच्या कॉलेजातील मुलामुलींनो, पन्नास नकोत, पाचच या. पण दोन महिन्यांनीही लिहीत राहा. आम्ही हिशेब तेव्हाच तपासू.

जयभीम!