प्राध्यापकांच्या अर्जाला हात द्या



आपली मुलेमुली आज तालुक्याजिल्ह्याच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकत आहेत. 1946 साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेही कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. परंतु विज्ञान शिकणे ही पहिली पायरी होय. विज्ञानात भर घालणे ही दुसरी. लहान महाविद्यालयांत ही दुसरी पायरी मोडलेली आहे, कारण तेथील प्राध्यापकांस संशोधनासाठी पैसा मिळणे दुरापास्त झाले आहे.

देशात पैसाच नाही, असे कोणी म्हणू नये. 2023 साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला, तेव्हा पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. त्यापूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने अनुसूचित जातिजमातींच्या संशोधकांसाठी स्वतंत्र योजनाही काढली होती. मग अडते कोठे?

अडते ते अर्जापाशी. अर्जाला प्राथमिक निष्कर्षांचा आधार लागतो. निष्कर्षांना उपकरणे लागतात. आणि उपकरणांसाठी अनुदान लागते! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्यास 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे. परीक्षा व प्रवेशाची कामे निराळीच. मोठ्या संस्थेत अर्ज वाचून सुधारणारे सहकारी शेजारीच असतात, हिशेबाला कार्यालय असते. आपला प्राध्यापक एकटाच असतो. त्याचा अर्ज फेटाळला गेला म्हणून त्याची बुद्धी उणी ठरते काय?

सबब, निधी राखून ठेवला म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. त्याच मंडळाच्या ‘टेअर’ योजनेने एक वाट दाखविली आहे : प्राध्यापकाने आपली नोकरी सांभाळून वर्षातील काही काळ मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत संशोधन करावे आणि त्यासाठी त्यास अनुदान मिळावे. अर्जाच्या बाबतीतही असेच साह्य हवे. अध्यापनाच्या तासांत सूट, पहिल्या प्रयोगांपुरते लहान अनुदान, अनुभवी संशोधकाचे मार्गदर्शन आणि नाकारलेल्या अर्जाला कारणांसह उत्तर, एवढे तरी मिळालेच पाहिजे.

आपण काय करावे? प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो. यापुढे हेही विचारा : येथील किती प्राध्यापकांनी संशोधनासाठी अर्ज केले आणि संस्थेने त्यांस कोणते साह्य दिले? पालकच विचारू लागले म्हणजे संस्थाचालकांस उत्तर द्यावेच लागेल. शिक्षकाच्या हाती उपकरण आले, तरच ते आपल्या मुलीच्या हाती येईल, हे विसरू नका.