घराचा सीसीटीव्ही: कॅमेऱ्याची नजर दारावर, पण कॅमेऱ्यावर नजर कुणाची?

घराला कुलूप लावून चार दिवस गावी गेलं, तरी मोबाइलवर दार दिसत राहावं, म्हणून अनेक जण कॅमेरा घेतात. दुकानात मात्र चर्चा होते ती दोनच गोष्टींची: किती मेगापिक्सेल आणि किती रुपये. तो कॅमेरा नेमकं काय टिपणार आणि ते चित्र घरच्यांशिवाय आणखी कोण पाहू शकणार, हे प्रश्न मागेच राहतात.

हे प्रश्न किती गंभीर आहेत, ते २०२५ मध्ये दिसलं. फेब्रुवारीत गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली महिला रुग्णांची सीसीटीव्ही दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचं उघड झालं. या प्रकरणात पोलिसांनी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातून संशयितांना अटक केली. वर्षअखेरीस दक्षिण कोरियात घरं आणि व्यवसायांमधले तब्बल १ लाख २० हजार कॅमेरे हॅक केल्याच्या आरोपावरून चौघांना पकडण्यात आलं. तिथल्या पोलिसांच्या म्हणण्यानुसार, अगदी सोपे पासवर्ड हा त्यातला कच्चा दुवा होता.

म्हणजे जो कॅमेरा राखणीला ठेवला, त्याचीही राखण करावी लागते. ती कशी?

मेगापिक्सेल वाढले की चेहरा ओळखता येतो का?

थोडाफार. पण जाहिरातीत वाटतं तेवढा नाही.

अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा, तर चित्रात दर मीटर रुंदीमागे साधारण २५० पिक्सेल लागतात, असं कॅमेऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. नुसतं 'कुणीतरी आहे' एवढं कळायला २५ पुरेसे असतात.

आता हिशेब करू. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. घरगुती कॅमेऱ्यांत नेहमी दिसणारी २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचा परिसर दाखवते. या जोडीत अनोळखी चेहरा ओळखता येतो तो जेमतेम ३ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १० फुटांपर्यंत. ४ मेगापिक्सेल घेतले तर हे अंतर सव्वाचार मीटरच्या आसपास जातं. ८ मेगापिक्सेलमध्येही ते साडेसहा मीटरच्या आतच राहतं. पिक्सेल चौपट, अंतर फक्त दुप्पट.

त्यामुळे गच्चीवरून सगळं अंगण दाखवणाऱ्या एका महागड्या कॅमेऱ्यापेक्षा दाराजवळचा साधा कॅमेरा जास्त कामाचा ठरू शकतो. लांबच्या फाटकावरचा चेहरा हवा असेल, तर ४ किंवा ६ मिलिमीटरची लेन्स घ्यावी. तिच्यात परिसर कमी दिसतो, पण माणूस मोठा दिसतो.

कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर लावायचा?

आधी घरात शिरायच्या वाटा मोजाव्यात: मुख्य दार, मागचं दार, तळमजल्याच्या खिडक्या, जिना, गच्चीचं दार. एकच कॅमेरा परवडत असेल, तर तो मुख्य दारावरच हवा. फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा तेवढा एक पुरतो.

उंची ८ ते १० फूट ठीक. त्याहून खाली लावला तर कुणीही हात घालून फिरवू शकतो. फार वर लावला तर टोपी आणि केसच दिसतात, चेहरा नाही. कॅमेरा दाराच्या अगदी डोक्यावर लावण्याऐवजी थोडा बाजूला, येणाऱ्याच्या समोर येईल असा बसवावा.

उजेडाचंही पाहावं. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड केलेल्या कॅमेऱ्यात ऊन थेट शिरतं आणि माणसाची नुसती काळी सावली दिसते. असा उजेड सांभाळून घेणारी 'डब्ल्यूडीआर' सोय कॅमेऱ्यात आहे का, ते विचारावं. रात्री कॅमेरा स्वतःचा अदृश्य, इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. समोर काच किंवा जवळच पांढरी भिंत असेल, तर तो उलटा येतो आणि चित्र पांढरंफटक होतं. म्हणून कॅमेरा खिडकीच्या काचेआडून बाहेर रोखू नये. कोळ्याची जाळीही हाच त्रास देतात, त्यामुळे अधूनमधून लेन्स पुसणं हा देखभालीचा भाग समजावा. बाहेरच्या कॅमेऱ्याला 'आयपी ६६' किंवा 'आयपी ६७' दर्जा हवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी शिरायची भीती.

शिवाय वीज गेली की राउटरही बंद पडतो. कॅमेऱ्यासोबत राउटरलाही इन्व्हर्टरची जोड नसेल, तर ऐन अंधारात घर नजरेआड होतं.

घराच्या आत कॅमेरा लावावा का?

लावायचाच असेल, तर कमीत कमी आणि सगळ्यांच्या संमतीने. एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं की, घराच्या राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्येच स्पष्ट केलं होतं.

वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापराला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सूट आहे. पण ही सूट म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावायचा परवाना नव्हे. खासगी क्षणांत असलेल्या स्त्रीचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत 'प्रायव्हसी मास्क' असतो. त्याने शेजाऱ्याची गॅलरी किंवा समोरचं दार चित्रातून झाकून टाकता येतं. सोसायटीच्या पॅसेजमध्ये कॅमेरा लावताना आधी लेखी परवानगी घेतली, तर पुढची भांडणं टळतात. घरकामाला येणाऱ्या ताईंना आणि आजीआजोबांच्या सोबतीला असणाऱ्यांनाही कॅमेरा कुठे आहे, ते सांगायलाच हवं.

सरकारचा नवा नियम काय सांगतो?

सरकारी संस्थांमधले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतली दृश्यं परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे, असं तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री आणि अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. पुढे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली. कॅमेऱ्याची पेटी सहज उघडता येते का, माहिती कूटबद्ध होऊन जाते का, कुणालाही आत शिरता येतं का, सॉफ्टवेअर सुधारता येतं का, हे त्यात तपासलं जातं.

ग्राहकाने खोक्यावरचा 'आर'ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक पाहावा आणि 'बीआयएस केअर' ॲपवर तो पडताळावा. बिनब्रँडचा स्वस्त कॅमेरा इथेच अडकतो.

बसवल्यावर पहिलं काम कोणतं?

पासवर्ड बदलणं. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेल्या कॅमेऱ्यांची आणि राउटरची फौज उभी केली होती. त्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या.

पासवर्ड लांब आणि वेगळा ठेवावा, ॲपला ओटीपीची दुहेरी सुरक्षा लावावी आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर वेळोवेळी अपडेट करावं. सगळं काम बसवून देणाऱ्या माणसाच्या मोबाइलवरून झालं असेल, तर तो माणूस जाण्याआधी खातं आपल्या नावावर घ्यावं आणि त्याचा प्रवेश काढून टाकावा.

चोरी झालीच, तर फुटेज कामी येईल का?

ते शिल्लक असेल तर. सेकंदाला २ मेगाबिटने चित्रीकरण होत असेल, तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी जागा खातो. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसून नवं चित्रण सुरू होतं. आठ दिवसांनी गावाहून परतणाऱ्याच्या हाती पहिल्या रात्रीचं काहीच लागत नाही. डीव्हीआर टीव्हीखाली ठेवला, तर चोर तोही उचलून नेतो. तो कपाटात कुलपाआड ठेवावा किंवा महत्त्वाच्या कॅमेऱ्याचं चित्रण क्लाउडवरही जाऊ द्यावं.

कोर्टात फुटेजची प्रत द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यातली हीच अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या, जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात अनिवार्य ठरवली होती. मूळ उपकरणच हजर केलं, तर त्या प्रमाणपत्राची गरज नसते, हेही त्यात स्पष्ट झालं. म्हणून व्हॉट्सॲपवर क्लिप फिरवण्याआधी चित्रण थांबवून मूळ कार्ड किंवा डीव्हीआर जपून ठेवावा आणि पोलिसांना त्याची माहिती द्यावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जातो आणि चेहऱ्याचे नेमके तपशील हरवतात.

कॅमेरा चोराला अडवत नाही. दाराची कडी, चांगलं कुलूप, जिन्यातला दिवा आणि लक्ष ठेवणारा शेजारी यांची जागा तो घेऊ शकत नाही. तो फक्त साक्षीदार असतो. साक्षीदार निवडताना तो कुठे उभा आहे हे जसं पाहायचं, तसंच तो आणखी कुणाच्या कानाला लागलेला नाही ना, हेही.