टाकीत उतरणाऱ्यालाच हवा तपासायला शिकवा

प्रति,
मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय,
महाराष्ट्र राज्य



९ एप्रिल २०२४ रोजी गुढीपाडवा होता. त्या एका दिवसात आपल्या राज्यात नऊ माणसे बंदिस्त जागेतल्या हवेने मेली. विरारला एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची टाकी साफ करणारे चार कामगार गेले. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, मग त्याला काढायला दुसरा, आणि असे एकामागून एक पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. पुढच्या वर्षी ९ मार्चला मुंबईत नागपाड्याला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना आणखी चौघे गेले. तिथे मैला नव्हता, शेणही नव्हते. बरेच दिवस झाकून ठेवलेली कोणतीही टाकी माणूस मारू शकते, हे आपल्याकडे अजून पुरेसे माहीत नाही.

हे पत्र कामगार खात्याला किंवा महापालिकेला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आपल्या हाताखाली आहेत, आणि हाताने करायचे काम हातात साधन देऊन शिकवायची सवय त्यांनाच आहे.

कायदे आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये स्पष्ट लिहिले होते की, सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला दिल्याशिवाय अशा जागेत कोणी उतरायचे नाही. नाहीतर श्वसनयंत्र लावायचे, पट्टा बांधायचा आणि त्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाने धरायचे. पण ते कारखान्यापुरतेच होते. सोसायटीची मैलाटाकी किंवा शेतातली विहीर त्या कलमात बसत नव्हती. गटारे आणि मैलाटाक्यांसाठी २०१३ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाची भरपाई ३० लाखांवर नेली. तो पैसा कुटुंबाला मिळायलाच हवा. पण माणूस गेल्यावर तो मिळतो, आणि मला त्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल बोलायचे आहे.

त्या दहा मिनिटांत काय होते? झाकण उघडतात, थोडा वेळ थांबतात, वास घेतात. 'वास कमी आहे, जा' असे मुकादम सांगतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या आसपास पोहोचला की नाकाची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे गॅस गेला असे वाटते, आणि माणूस उतरतो. हजारच्या जवळ एकदोन श्वासांत तो कोसळतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. गावाकडे विहिरीत दिवा सोडून पाहतात. दिवा ऑक्सिजन फार कमी असल्याचे सांगेल, विषारी गॅसबद्दल काही सांगणार नाही; आणि खाली मिथेन साठला असेल तर दिव्यानेच भडका उडेल.

चार गॅस मोजणारा मीटर हे सगळे सांगतो, पण वापरता येणाऱ्यालाच. प्रशिक्षणाच्या नावाखाली मी जे पाहिले आहे त्यात सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवतात, हजेरीपटावर अंगठे घेतात, आणि मीटर खोक्यातच राहतो. शिकवायला हवे ते असे. सकाळी मोकळ्या हवेत मीटर चालू करून ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतो का पाहायचे. छोट्या सिलिंडरमधला ठरावीक गॅस सोडून अलार्म वाजतो का बघायचे; सेन्सर मेला असेल तर पडद्यावरचा शून्य आकडा खोटा असतो. मग झाकण पूर्ण उघडण्याआधी नळी आत सोडायची. मिथेन हलका, वर साठतो; हायड्रोजन सल्फाइड जड, तळाशी बसतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचे. नळी जितकी लांब, तितका वेळ थांबायचे, नाहीतर मीटर बाहेरच्याच हवेचा आकडा दाखवतो. ऑक्सिजन आधी वाचायचा, कारण तो कमी असला तर ज्वालाग्राही वायूचा आकडाही चुकतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड दहाच्या वर दिसला, तर उतरायचे नाही. आणि सगळे आकडे ठीक आले तरी मीटर अंगावर चालू ठेवूनच उतरायचे. गाळात गॅस अडकून बसलेला असतो. फावडे मारले की तो सुटतो. वरच्याने दोर सोडून खाली उडी मारायची नाही, हे तर पुन्हा पुन्हा करून घ्यायला हवे. सख्खा भाऊ खाली पडलेला असताना नियम आठवत नाही, सवयच कामी येते.

यासाठी मोठी इमारत नको. झाकणाचा एक ड्रम, त्यात सोडायला नायट्रोजन, एक मीटर, एक तिपाई आणि दोर. कोणालाही आत न पाठवता हे सगळे शिकवता येईल.

माझ्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये हा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करा. सफाई कामगारांबरोबर विहिरी उपसणारे, बायोगॅसचे काम करणारे आणि टाक्यांना वॉटरप्रूफिंग करणारे यांनाही घ्या. त्या दिवसांची रोजी द्या, नाहीतर कोणी येणार नाही. मीटर आणि ब्लोअर तिथेच ठेवा आणि छोट्या ठेकेदाराला नाममात्र भाड्याने द्या. परीक्षा तोंडी आणि करून दाखवण्याची असू द्या, कारण यातल्या अनेकांना लिहिता येत नाही. आणि दाखल्यावर एक ओळ छापा: मीटरचा आकडा पाहून या व्यक्तीने 'उतरणार नाही' म्हटले, तर तो निर्णय अंतिम मानावा. मुकादमापुढे उभे राहताना कामगाराच्या हातात असा कागद आज नाही.

विहिरींचा गाळ एप्रिल-मेमध्ये काढतात, गटारांची सफाईही पावसाळ्याआधी होते. पहिली तुकडी मार्चअखेर तयार व्हावी, ही विनंती.

आपला,
एक नागरिक